‘द सायलेंट वर्ल्ड’ : सागरमोहिमेची दृष्टी आणि मालवणचा अनुभव

समुद्रतळाच्या शोधमोहिमांविषयीच्या लेखनात व चित्रपटांत एक गृहीतक बहुधा विनातक्रार स्वीकारले जाते. माणूस पाण्याखाली उतरला, तेथील जीवसृष्टी त्याने डोळ्यांनी पाहिली, की तिच्या रक्षणाची बुद्धी त्याला आपोआप होते, असे ते गृहीतक होय. झाक कुस्तो आणि लुई माल यांच्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ (१९५६) या माहितीपटाच्या आधारे या गृहीतकाची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. सागरी माहितीपटांचा साचा बव्हंशी या कृतीने घडविला असल्यामुळे ही निवड केली आहे.

१९४३ साली कुस्तो व अभियंता एमिल गान्यां यांनी ॲक्वालंग हे श्वसनयंत्र सिद्ध केले. तोपर्यंत खोल पाण्यात काम करणारा पाणबुडा बहुधा वरून येणाऱ्या हवेच्या नळीला बांधलेला असे. तो आता मोकळा झाला. चित्रपटाचे खरे सामर्थ्य या मोकळेपणाच्या चित्रणात आहे. प्रारंभी हातात पेटत्या मशाली घेऊन पाणबुडे खाली उतरतात ते दृश्य आजही विलक्षण वाटते. खोल पाण्यात तांबडा रंग प्रथम नाहीसा होतो. दिव्याचा झोत पडताच तेथील निळसर करडेपणातून तांबडे व केशरी रंग उजळून निघतात. कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक व त्यानंतर ऑस्कर या चित्रपटास लाभले, ते अनाठायी नव्हते.

परंतु याच चित्रपटात प्रवाळखडकावर सुरुंग उडविला जातो. उद्देश माशांची मोजदाद हा आहे. मेलेले मासे गोळा करून मांडले जातात आणि निवेदनाचा रोख असा, की मासेमाराने हे केले तर तो विध्वंस, शास्त्रज्ञाने केले तर गणनेचा एकमेव मार्ग. पुढे ‘कॅलिप्सो’ जहाजाच्या पंख्यात सापडून स्पर्म देवमाशाचे पिल्लू जखमी होते आणि त्याला मारले जाते. रक्ताच्या वासाने शार्क जमतात, तेव्हा जहाजावरील मंडळी त्यांना वर ओढून कुऱ्हाडींनी ठार करतात. पिल्लाच्या मृत्यूस कारण जहाज. सूड मात्र शार्कवर! ‘त्या काळची जाणीवच तशी होती’ असा बचाव केला जातो. तो मान्य केला तरी प्रस्तुत गृहीतकास बाध येतोच. या माणसांनी समुद्र जितका पाहिला तितका त्यापूर्वी फार थोड्यांनी पाहिला असेल. पण त्या पाहण्याने त्यांचा हात थांबला नाही.

कुस्तो पुढे बदलले. १९६० मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्यास त्यांनी विरोध केला, १९७३ मध्ये संरक्षणासाठी संस्था स्थापिली. या परिवर्तनाचे श्रेय मोहिमेपेक्षा त्याच त्या पाण्यात वर्षानुवर्षे उतरण्यास द्यावयास हवे, असे मला वाटते. मोहीम एकदा जाते आणि जे असेल ते पाहते. काय नाहीसे झाले हे तिला दिसत नाही.

हा मुद्दा मालवणला लावून पाहता येतो. सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांच्या परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. मच्छीमारांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला. आपणास न विचारता आपले पाणी इतरांचे ठरविले गेले, ही त्यांची भावना होती. त्याच पाण्याला रोज नेमाने भेटणारा माणूस मात्र तोच होता. सुरुंगाच्या दृश्यातील निवेदनाने जी विभागणी केली, तीच येथे शासकीय भाषेत आली, असे म्हणावे लागते. पुढे तारकर्ली-मालवणला स्कूबा डायव्हिंग आले. अनेक मच्छीमार कुटुंबांना त्यातून रोजगार मिळाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण छायाचित्रासाठी माशांना पाव खाऊ घालणे, प्रवाळावर पाय देणे, नांगर कोठेही टाकणे हेही त्याबरोबर आले.

याउलट महाराष्ट्रातील दोन उपक्रम पाहावेत. वेळास येथे सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. तेथे कोणी पाण्याखाली उतरले नाही. डिसेंबर २०१८ पासून, जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने सुरू केली. येथे मच्छीमाराच्या हाताला व नुकसानीला मोल दिले गेले. चित्रीकरणास या दोहोंत फारसे काही नाही, आणि कदाचित म्हणूनच माहितीपटांच्या साच्यात ते बसत नाहीत. विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या आंग्रिया बँकेवर डिसेंबर २०१९ मध्ये झालेल्या मोहिमेची गोष्ट वेगळी. तेथे किनाऱ्यावरून दिसण्यासारखे काहीच नाही. खाली उतरल्याशिवाय प्रवाळांची नोंदच शक्य नव्हती. मोहिमेचे मोल अशा ठिकाणी निःसंशय आहे.

कुर्डुवाडीच्या वर्गात हा विषय मांडताना एक अडचण जाणवते. पाण्याखालचे जग म्हणून येथील विद्यार्थ्यास ठाऊक असते ते उजनीचे. पाणी ओसरले की वर येणारे पळसदेवचे मंदिर. समुद्र तो पडद्यावरच पाहतो. तेव्हा कॅमेरा कोणाच्या हाती आहे आणि निवेदन कोणाचे आहे, हे विचारण्याची सवय त्याला लावणे हे आपल्याच विषयाचे काम ठरते. २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवती खडकांजवळ बुडवून कृत्रिम प्रवाळभित्ती व पर्यटनस्थळ उभारण्याची योजना आखण्यात आली. तेथील पहिले चित्रण पडद्यावर येईल तेव्हा त्याचे सौंदर्य पाहावेच. पण ती नौका येण्यापूर्वी त्या जागी जाळे टाकणारा माणूस त्या चित्रणात बोलतो की केवळ होडी हाकताना दिसतो, हेही पाहावे.