उशिरा दिलेलं उत्तर

शांताल आकरमनचं नाव निघालं की बहुतेक जण ‘जान दिलमान’बद्दल (१९७५) बोलतात. २०२२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या समीक्षकांच्या कौलात तो पहिला आला, तेव्हापासून तर जास्तच. मला मात्र ही बेल्जियन दिग्दर्शिका कळत गेली ती आईवरच्या तिच्या दोन माहितीपटांमधून. ते लागोपाठ पाहिले, तर दुसरा पहिल्याचं उत्तर वाटतो.

‘न्यूज फ्रॉम होम’मध्ये (१९७७) पडद्यावर दिसतं न्यूयॉर्क: रस्ते, दुकानं, भुयारी रेल्वेची स्टेशनं. आई दिसतच नाही. विशीत आकरमन या शहरात राहत असताना ब्रसेल्सहून आईची पत्रं यायची, ती पत्रं ती स्वतःच सपाट आवाजात वाचते. तब्येत कशी आहे, पैसे मिळाले का, पत्र का लिहीत नाहीस... आपल्याकडच्या ‘पोचलीस का?’, ‘जेवलीस का?’ या मेसेजेसचीच ही सख्खी बहीण. लेकीचं उत्तर एकदाही ऐकू येत नाही. मधूनच गाड्यांचा आवाज वाढतो आणि आईचे शब्द त्यात बुडतात. आकरमन ते बुडू देते. घर सोडून आलेल्या मुलीचं अपराधीपण बोलून न दाखवता ऐकवायची याहून प्रामाणिक पद्धत मला माहीत नाही.

‘नो होम मूवी’मध्ये (२०१५) आई अखेर समोर येते. नातालिया. ऑशविट्झमधून वाचलेली, आता थकलेली, ब्रसेल्सच्या फ्लॅटमध्ये राहणारी. मायलेकी स्वयंपाकघरात बसून बटाटे खातात, त्यांच्या सालींबद्दल बोलतात. युद्धाचा विषयही अशाच गप्पांतून निघतो. एखाद्या चकचकीत ओटीटी माहितीपटात इथे जुनी फुटेज आणि व्हायोलिन आलं असतं. आकरमन आईकडून अश्रू वसूल करत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं दृश्य स्काइपचं आहे. आई लॅपटॉपच्या स्क्रीनवर, लेक दूर देशात. आकरमन कॅमेरा स्क्रीनच्या जवळ नेते, आणखी जवळ नेते, आणि आईचा चेहरा फुटून नुसते ठिपके उरतात. व्हिडिओ कॉलमुळे अंतर मिटतं, असं आपण धरून चालतो. इथे जवळ जाण्याच्या धडपडीतच अंतर दिसायला लागतं.

सगळंच मला पटलं असं नाही. सुरुवातीला वाऱ्याशी झगडणारं एक झाड कित्येक मिनिटं दिसत राहतं. तो शॉट आईच्या चिवटपणाची तयारी करतो. पण नंतर चालत्या गाडीतून दिसणारं वाळवंट पुन्हा पुन्हा येतं, तेव्हा मला घरात परतायची घाई होते. कदाचित तेच तिला हवं असेल, तरी तिथे माझं लक्ष सुटलं.

नावात श्लेष आहे: हा घरगुती व्हिडिओ नाही, आणि आता घरही नाही. आई २०१४ मध्ये गेली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आकरमनही गेली. पण ही फिल्म मृत्यूमुळे मोठी होत नाही. ती मोठी होते ती धीरामुळे. आई खुर्चीत पेंगते, फ्रेमबाहेर जाते, परत येते आणि कॅमेरा थांबून राहतो. विशीत ज्या पत्रांचं उत्तर ऐकू आलं नव्हतं, त्यांचं उत्तर जवळपास चाळीस वर्षांनी असं मिळतं: शब्दांत नाही, नुसतं शेजारी बसून.