कालगणक आणि त्याची परिभाषा : एका निबंधाचे परीक्षण

प्रोग्रामच्या एखाद्या तुकड्यास लागणारा काळ कसा मोजावा, या विषयावरील गॅब्रिएले पाओलोनी यांचा निबंध इंटेल कंपनीने २०१० साली प्रसिद्ध केला. यंत्राच्या निकट जाऊन काम करणारे आजही त्याचा आधार घेतात. त्यातील पद्धती निर्दोषप्राय आहे. परिभाषेविषयी मात्र तसे म्हणता येत नाही.

१९९३ च्या पेंटियमपासून प्रोसेसरमध्ये ६४ बिटांचा एक गणक असून आरडीटीएससी ही आज्ञा तो वाचते. परंतु प्रोसेसर आज्ञांचा क्रम सोयीनुसार फिरवितो. त्यामुळे मोजावयाचे काम वाचनाच्या अलीकडे वा पलीकडे सरकते व आकडा विश्वासार्ह राहत नाही. सीपीयूआयडी ही आज्ञा मध्ये घातल्यास क्रम राखला जातो खरा. पण अखेरच्या वाचनापूर्वी ती घातली, तर तिचा स्वतःचा, दर खेपेस बदलणारा काळच मापनात मिसळतो. म्हणून पाओलोनी शेवटी आरडीटीएससीपी योजतात. ही आज्ञा आधीच्या आज्ञा पुऱ्या होईपर्यंत थांबते; सीपीयूआयडी तिच्या मागे उभी राहून पुढील आज्ञांना आत येऊ देत नाही. दोष नाहीसा न करता तो मापनाच्या कुंपणाबाहेर नेऊन ठेवण्याची ही युक्ती निबंधाचा सर्वोत्तम भाग होय.

आता परिभाषा. शीर्षकातील 'आयए-६४' हे नाव वस्तुतः इटेनियमच्या आज्ञासंचाचे. त्यात आरडीटीएससी नाहीच. हा प्रमाद वाचक सहज सावरून घेतो. 'आवर्तन' या शब्दाचा दोष अधिक खोल आहे. निबंधात निष्कर्ष प्रोसेसरच्या आवर्तनांत दिले आहेत. प्रयोगाच्या वेळी टर्बो व वेगबदल बंद ठेवल्यामुळे ते खपून गेले. एरव्ही अलीकडच्या प्रोसेसरांत गणक ठराविक गतीने चालतो आणि गाभ्याचा वेग मात्र कमीजास्त होत राहतो. जुन्या प्रोसेसरांत याच्या नेमके उलट होते : गणक गाभ्याबरोबर मंदावे, म्हणून आवर्तने बरोबर येत व काळ चुके. नाव तेच राहिले, अर्थ उलटला; शब्दार्थाच्या इतिहासात असे अर्थांतर नवीन नाही, पण तेथे सहसा कोणाचे मापन बिघडत नाही. परिणामी हीच कृती सामान्य लॅपटॉपवर करणाऱ्यास एकाच तुकड्याची 'आवर्तने' सकाळी एक व संध्याकाळी दुसरी मिळतात, आणि तो यंत्रास दोष देतो.

या वाचनातील फरकास 'गणकाचे ठोके' म्हणावे आणि गणकाच्या गतीने भागून त्याचा काळ काढावा. खरी आवर्तने हवी असल्यास प्रोसेसरमधील कामगिरी-गणक वाचावे. ते निराळे यंत्र आहे.