चेहरा कोणाला मिळतो?

मानवशास्त्र या विद्येशी आमचे नाते सरळ नाही. तिने आम्हाला माणूस म्हणून ओळखण्याआधी आमची मापे घेतली. हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात तीच मापे उलटतपासणीस घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही हे दाखवले. त्यामुळे कवटीवरून चेहरा घडवणाऱ्या प्राध्यापिकेचे कार्य समोर येते तेव्हा मी कौशल्याचे कौतुक थोडे बाजूला ठेवतो. आधी विचारतो : ही कवटी कोणाची, आणि ती टेबलावर आली कशी?

कॅरोलिन विल्किन्सन या ब्रिटिश विदुषीने मँचेस्टर विद्यापीठात ही कला आत्मसात केली, डंडी विद्यापीठात न्यायवैद्यक मानवशास्त्राचे अध्यापन केले आणि पुढे लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठातील ‘फेस लॅब’चे नेतृत्व केले. न्यायवैद्यक चेहरारचनेवरचा त्यांचा ग्रंथ 2004 साली आला. कवटीच्या ठरावीक बिंदूंवर मांसाची सरासरी जाडी खुणांनी दाखवायची, हाडावरच्या खाणाखुणांवरून एकेक स्नायू बसवायचा, मग त्वचा चढवायची, अशी ही रीत आहे. पूर्वी ती मातीत होई, आता संगणकावरही होते. बेवारस प्रेताचा चेहरा पाहून कुणीतरी ‘हा आमचा’ म्हणावे, हा तिचा हेतू. त्यानंतरची खात्री दातांवरून किंवा डीएनएवरून करायची असते.

या विद्येची मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. 2006 साली विल्किन्सन आणि सहकाऱ्यांनी दोन जिवंत व्यक्तींच्या स्कॅनवरून चेहरे रचून तपासले, तेव्हा पृष्ठभागाच्या सुमारे दोन तृतीयांश भागात चूक 2 मिलिमीटरहून कमी निघाली. हे यश लहान नाही. पण कातडीचा रंग, केस, डोळ्यांतला भाव हाड सांगत नाही. तिथे कलावंताचे मन बोलते, आणि मनाला समाज असतो. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ विल्टन क्रॉगमन यांचा नियमच पाहा. नाकाच्या हाडातील भोकाच्या रुंदीत गोऱ्या माणसासाठी 10 मिलिमीटर मिळवा, काळ्या माणसासाठी 16. म्हणजे नाक घडवण्याआधी वंश ठरवायचा! रिस्लेचे भूत असे कारागिराच्या हाती फूटपट्टी देऊन जाते. विल्किन्सन यांनी ब्रिटनमधल्या गोऱ्या मुलांची मांसाची जाडी अल्ट्रासाउंडने मोजली. जिवंत माणसे मोजली हे चांगलेच झाले. परंतु ज्या समाजाची मापे कोष्टकात नाहीत, त्याच्या मृतांना दुसऱ्याचे मांस चढणार, ही गोष्ट उरतेच.

दुसरा आक्षेप निवडीचा आहे. जगाने वाखाणलेले त्यांचे चेहरे कोणाचे? 2008 साली संगीतकार बाख, 2013 साली राजा तिसरा रिचर्ड. ज्यांची चित्रे आधीच भिंतीवर होती, त्यांनाच आणखी एक चेहरा मिळाला. शेतात राबून मेलेल्याच्या वाट्याला पेटी आणि पेटीवरचा क्रमांक.

म्हणूनच दक्षिण आफ्रिकेतल्या सदरलँड गावाचे काम मला या कारकिर्दीतले सर्वांत मोलाचे वाटते. 1920च्या दशकात एका वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या कुटुंबाच्या शेतावरच्या थडग्यांतून सान आणि खोई लोकांचे सांगाडे उकरून केपटाउन विद्यापीठाला दिले. त्यांतले कित्येक त्या भागातल्या शेतांवर बंदी मजूर म्हणून राबलेले. 2017 साली विद्यापीठाने आपल्याच संग्रहाची झडती घेतली, तेव्हा अशा नऊ जणांचा पत्ता लागला. काहींची नावे नोंदीत होती : कॉर्नेलियस अब्राहम, क्लास स्टुअरमन. विद्यापीठाने वंशजांना शोधले. पुढचा अभ्यास वंशजांच्या इच्छेने झाला, आणि कवट्यांच्या स्कॅनवरून ‘फेस लॅब’ने चेहरे रचून कुटुंबांपुढे ठेवले. नोव्हेंबर 2023 मध्ये त्या सर्वांचे सदरलँडला पुन्हा दफन झाले.

तंत्र तेच, लॅब तीच. फरक केला तो परवानगीने. रिचर्डचा चेहरा पाहणाऱ्याचे कुतूहल भागवतो. अब्राहमचा चेहरा त्याच्या पणतवंडांचा हक्क परत करतो. मात्र चोरी करणारी संस्था आणि परतफेडीचा मान घेणारी संस्था एकच आहे, हे विसरता कामा नये. सुंदर चेहरा दाखवून हिशेब पुरा होत नाही. शंभर वर्षे त्या हाडांचे काय केले, हेही त्याच वर्गात शिकवले गेले पाहिजे.

आणि हे सारे आमच्यापासून दूर नाही. 1985 साली भारत सरकारने बंदी घालेपर्यंत कलकत्त्याहून मानवी सांगाडे जहाजे भरून परदेशी जात. पाश्चात्त्य विद्यापीठांतल्या कित्येक पिढ्या त्या हाडांवर शिकल्या. ती बहुतांशी गरिबांची. श्रीमंताच्या घरचे प्रेत व्यापाऱ्याच्या हाती लागत नाही. आपल्याकडेही 1949च्या मुंबई शरीररचना कायद्याने बेवारस प्रेते वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची सोय केली. बेवारस कोण होतो? ज्याचे गाव सुटले, ज्याच्या नातेवाइकापाशी इस्पितळापर्यंतचे भाडे नाही, तो.

माझ्या शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगायचे आहे. आपल्या महाविद्यालयाच्या कपाटात सांगाडा असेल तर त्याची नोंदवही मागा. कुठून आला, कोणत्या साली, किती रुपयांना, ते वाचा. नोंद नसेल तर तसे फळ्यावर लिहा. हाडांची नावे पाठ करण्याआधी हाडांच्या धन्याचे नाव विचारणारा वर्ग जिथे भरेल, तिथे ही विद्या माणसाची होऊ लागेल.