भुतांचे सुटे भाग

कंपनीने दिलेली वस्तू दिली तशी वापरणं हा मराठी माणसाला कमीपणा वाटतो. १९७२ पासून आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून चेतक स्कूटर बाहेर पडू लागली. ती घरी आली की नारळ फोडायचा, आणि पुढच्या रविवारी पुढे बास्केट, मागे कॅरिअर, बाजूला गार्ड आणि सीटला कव्हर चढवायचं. उरलेल्या जागेत 'आईचा आशीर्वाद'! इंजिन कंपनीचं, हौस आपली.

याच हौसेला हल्ली 'मॉड' म्हणतात आणि ती कॉम्प्युटरवरच्या खेळांवर चालते. हे ज्ञान मला भाच्याने दिलं. तो चाकणला एका वर्कशॉपमध्ये दिवसभर मायक्रोमीटर घेऊन सुटे भाग मोजतो. ड्रॉइंग दुसऱ्याचं, माल तिसऱ्याचा; शतांश मिलिमीटर इकडचा तिकडे झाला की रिजेक्ट. रात्री घरी येऊन हा भुतं मारतो.

"मामा, नुसती मारत नाही. कुणी कशी बनवलीत ते बघतो. मलाही एक बनवायचंय."

मूळ खेळाचं नाव 'डूम'. अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअरने तो डिसेंबर १९९३ मध्ये काढला. मंगळाच्या चंद्रावरचा तळ, नरकातून आलेले राक्षस आणि आपल्या हातात बंदूक. कथा संपली. पण कर्त्यांनी एक शहाणपण केलं. खेळाचं इंजिन वेगळं ठेवलं आणि नकाशे, चित्रं, आवाज हा सगळा ऐवज 'वॅड' नावाच्या फायलीत निराळा ठेवला. म्हणजे इंजिनाला हात न लावता वरचा पत्रा बदलायची सोय. १९९७ साली तर इंजिनाचा कोडसुद्धा खुला केला. मग जगभरच्या हौशी लोकांनी पाने-स्क्रूड्रायव्हर घेतले, ते अजून खाली ठेवलेले नाहीत. भाच्याने मला यातली तीन मॉडं दाखवली. भुतं घाबरवतात की नाही ते नीट पाहिल्यावर माझं असं मत झालं की, घाबरवण्याच्याही तीन शाळा आहेत.

पहिली शाळा भर घालणाऱ्यांची. 'ब्रूटल डूम' हे २०१० चं मॉड, कर्ता ब्राझीलचा, टोपणनाव सार्जंट मार्क फोर. यात रक्त जास्त, राक्षस चपळ, डोक्यात गोळी बसली तर तिचा हिशेब वेगळा. लाथ मारायची सोय आहे. शत्रूला डिवचायलासुद्धा एक बटण आहे! (ही सोय चाकणच्या तळेगाव चौकात बटणाशिवाय उपलब्ध आहे.) खेळायला झकास. छातीत धडधडतं, पण ती धडधड विसर्जनाच्या मिरवणुकीत भिंतीएवढ्या स्पीकरसमोर उभं राहिल्यावर होते तसली. त्याला भीती म्हणत नाहीत. नारायण धारपांच्या गोष्टीत समर्थ आले की वाचक पाय सोडून बसतो. इथे समर्थ पहिल्या मिनिटापासून आपल्याच हातात, तेही काडतुसांसकट! एकच गोष्ट मला खरी वाटली. मूळ खेळात बंदूक पुन्हा भरावी लागत नसे, इथे रायफल भरावी लागते. ती भरताना जे दोन-तीन क्षण रिकामे जातात, तेवढेच खरे भुताचे.

दुसरी शाळा काढून घेणाऱ्यांची. जस्टिन फिशर यांचं 'एलियन्स टीसी' हे १९९४ चं, म्हणजे या धंद्यातलं जवळजवळ आद्य. १९८६ च्या 'एलियन्स' सिनेमावर बेतलेलं. त्याच्या पहिल्या टप्प्यात राक्षसच नाहीत. एकही नाही! बंदूक रोखून आपण रिकाम्या बोळांतून फिरतो आणि प्रत्येक वळणावर घाम पुसतो. बँकेत उभा जन्म काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ऑडिटर समोर येऊन बसला की तो चहा पितो, बिस्किट खातो, माणूसच असतो. ऑडिटर 'येणार आहे' ते आठ दिवस खरे. या शाळेची अडचण एवढीच, की राक्षसांना कधी तरी यावंच लागतं, आणि ते आले की पुन्हा कारभार बंदुकीकडे जातो.

तिसरी शाळा बदलून ठेवणाऱ्यांची. स्टीव्ह नेल्सन यांचं २०२३ चं 'मायहाउस'. नवशिक्या मॉडवाल्याने पहिला नकाशा स्वतःच्या घराचाच काढायचा, ही तिकडची जुनी रीत. तसंच हे एक साधं दुमजली घर. थोडे राक्षस मारा, घर संपलं. पण पुन्हा आत शिरलात की काही तरी बिनसलेलं असतं. संगीत जरासं वेगळं वाटतं, घर बाहेरून दिसतं त्याहून आत मोठं भरतं, आणि न्हाणीघरातल्या आरशापलीकडे उलटं घर निघतं. जुन्या इंजिनाला खोलीवर खोली चढवता येत नसे. नव्या इंजिनात गुपचूप जोडलेल्या वाटांनी तो दुसरा मजला उभा केलाय, आणि त्याच वाटांवर आपल्या पायाखालचं घर बदललं जातं. बंदूक हातात असते हो, पण भिंत खोटं बोलत असेल तर गोळी कुणाला घालणार?

मी पहिला नंबर या तिसऱ्या शाळेला देतो. राक्षस परका असतो, त्याला मारता येतं. ओळखीचं ठिकाण परकं झालं तर काय करायचं, याचं बटण कुणी अजून काढलेलं नाही. चाकणला कांद्याच्या वावराची वाट पाठ असलेली म्हातारी माणसं आज पत्र्याच्या शेडांमधून चालताना मध्येच थबकतात. त्यांना हा खेळ न खेळताही समजेल.

आणि हे सगळं ही मंडळी फुकट करतात! पगार नाही, ओव्हरटाइम नाही, मोजायला मायक्रोमीटर नाही. दिवसभर दुसऱ्याचं ड्रॉइंग पाळणाऱ्याला रात्री स्वतःची एक रेघ ओढावीशी वाटते. तिला रिजेक्ट करणारा इन्स्पेक्टर अजून नेमलेला नाही, हे नशीब.

भाच्याने गेल्या आठवड्यात त्याचं अर्धवट मॉड दाखवलं. एक शेड, रात्रपाळी, टेबलावर एक सुटा भाग. तो उचलून मोजायचा. दर वेळी माप शतांशाने वेगळं येतं आणि शेड तेवढीच लांब होते. राक्षस नाही, रक्त नाही. माझ्या मानेवर काटा आला.

"अरे, पण यात बंदूक कुठंय?" मी विचारलं.

"मामा," तो म्हणाला, "रात्रपाळीला बंदूक कोण देतं?"