टपालात न पडलेले पत्र

अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१–१८६५) आपल्याकडे आठवते ते मुंबईच्या कापसाच्या तेजीपुरते. त्या युद्धाने सहा लाखांहून अधिक सैनिकांचा बळी घेतला आणि घरोघरी पेटीत जपलेली पत्रे मागे ठेवली. त्यांतील सर्वांत गाजलेले पत्र मेजर सलिव्हन बॅलू याने १४ जुलै १८६१ रोजी वॉशिंग्टनच्या छावणीतून आपली पत्नी सारा हिला लिहिले. या पत्राला कीर्ती अमाप मिळाली. त्याला न्याय मात्र मिळाला नाही, असे आमचे मत आहे.

बॅलू हा ऱ्होड आयलंड राज्यातील वकील; तेथील विधिमंडळात सभापतिपद भूषविलेला, लिंकन यांचा समर्थक. घरी तरुण पत्नी आणि एडगर व विली ही दोन लहान मुले. पत्र लिहिल्यावर सातव्या दिवशी, २१ जुलैला, व्हर्जिनियातील बुल रनच्या लढाईत तोफेच्या माऱ्याने त्याचा पाय निकामी झाला आणि आठवडाभरात त्याचा अंत झाला. पत्र टपालात पडलेच नव्हते. ते त्याच्या सामानात सापडले आणि मागाहून साराच्या हाती आले. मूळ कागद आज उपलब्ध नाही. आपण वाचतो त्या त्याच्या नकला.

हे पत्र घरोघरी पोहोचविले ते केन बर्न्स यांच्या १९९० सालच्या ‘द सिव्हिल वॉर’ या दूरचित्रवाणी मालिकेने. पहिल्या भागाच्या अखेरीस ते वाचले जाते आणि मागे व्हायोलिनची करुण धून वाजत राहते. ही धून त्या युद्धाच्या काळातील वाटते. प्रत्यक्षात ती १९८२ सालची आहे. ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात, यात नवल नाही. परंतु मालिकेसाठी पत्राला कात्री लागली आणि त्या कात्रीत पत्राचा गाभाच गळाला.

तो गाभा कोणता? बॅलू स्वतः बालपणीच पोरका झाला होता. आपण वर्षानुवर्षे चाखलेले पोरकेपणाचे कडू फळ आता आपल्याच लेकरांच्या ताटात वाढायची वेळ आली आहे, हे तो पत्नीला सांगतो. आणि अशा वेळी पत्नी व मुलांवरील प्रेम देशप्रेमाशी झुंजू लागले, तर तो दुबळेपणा ठरेल काय, असे तिलाच विचारतो. मालिकेत हा प्रश्न नाही. मग उरतो तो देशासाठी हसतमुखाने निघालेला एक प्रेमळ पती. असे चित्र कोणत्याही देशाला, कोणत्याही युद्धात सोयीचे असते.

पत्राची भाषाही हेच सांगते. पूर्वार्धात सभेत बोलणारा वकील आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी रक्त सांडलेल्या पिढीचे ऋण फेडले पाहिजे, असे तो भारदस्त वाक्यांत बजावतो. मुलांचा विषय निघताच वक्ता मागे सरतो आणि बाप बोलू लागतो. विली इतका लहान की त्याला आपली आठवण फार दिवस राहणार नाही. एडगरलाही बापाशी केलेली दंगामस्ती पुसटच आठवेल. या साध्या बोलांपुढे आधीचे सारे वक्तृत्व फिके पडते.

आमच्या वाचकांना आणखी एक गोष्ट जाणवेल. पत्राच्या आरंभीच बॅलू ख्रिस्ताने गेथसेमनी बागेत केलेली शरणागतीची प्रार्थना उच्चारतो. शुभवर्तमानात ‘हा प्याला टळो’ ही विनवणी आधी येते, शरणागती नंतर. इथे क्रम उलटा आहे. देवाची इच्छा मान्य करून झाल्यावर मनाची घालमेल सुरू होते आणि ती मिटत नाही. श्रद्धेने सर्व प्रश्न सुटतात, असे दाखविणारे भाविक लेखन आपण पुष्कळ वाचतो. श्रद्धा आहे आणि प्रश्नही शिल्लक आहे, हे लिहिण्यास अधिक धैर्य लागते.

पत्राचे एक उणेही सांगितले पाहिजे. त्या काळी अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसे गुलामगिरीत होती. पती-पत्नींची ताटातूट करून त्यांना वेगवेगळ्या धन्यांना विकले जाई. अनेक राज्यांत त्यांना लिहिणे-वाचणे शिकविणे हा गुन्हा होता. बॅलूच्या पत्रात शासन येते, संस्कृती येते, पूर्वजांचे ऋण येते. ही माणसे येत नाहीत. पत्नीला लिहिलेले खासगी पत्र हा जाहीरनामा नव्हे, हे खरे. तरीही विरहाच्या या पत्राने गहिवरताना, ज्यांना विरहाचे पत्र लिहिण्याचीही मुभा नव्हती त्यांचे स्मरण वाचकाने ठेवावे.

सारा पुढे ५६ वर्षे जगली. तिने पुनर्विवाह केला नाही. १९१७ साली ती निवर्तली. हौतात्म्याचा गौरव करताना त्याची किंमत घरात कोण मोजते, हे सहसा कोणी विचारीत नाही. बॅलूने ते विचारले, आणि जिला ती किंमत मोजायची होती तिलाच विचारले. प्रश्न तिच्या हाती पडला तेव्हा उत्तर ऐकायला विचारणारा उरला नव्हता. म्हणून हे पत्र संगीताविना आणि समग्र वाचावे, अशी आमची शिफारस आहे.