अभ्यासक कुणाला जबाबदार?

विद्यापीठीय वर्तुळात 'बांधिलकीचे मानवशास्त्र' हा शब्दप्रयोग हल्ली मोठ्या आवडीने केला जातो. अभ्यासकाने तटस्थतेचे सोवळे सोडावे, ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्या लढ्यात उतरावे, असा त्याचा आशय. आशयाशी माझे भांडण नाही. पण ही बांधिलकी कुणाशी आणि प्रश्न ठरवणार कोण, हे विचारल्याशिवाय आपण हा शब्द स्वीकारू नये.

शिकागो विद्यापीठाचे सोल टॅक्स व त्यांचे विद्यार्थी १९४८ पासून आयोवातील मेस्क्वाकी या आदिवासींत काम करू लागले. अभ्यासाबरोबर मदतही, असे त्यांचे धोरण होते. हेतू चांगलाच. तरीही १९६९ साली वाइन डेलोरिया या सू जमातीतल्या लेखकाने साऱ्या मानवशास्त्रज्ञांची सालटी काढली. आमच्यावर ग्रंथ वाढतात, आमच्या पदरात काय पडते, हा त्याचा रोख. दलित वाचकाला यात नवे काही वाटणार नाही.

आपल्याकडे एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या 'रामपुरा' गावी राहिले ते गावच्या मुखियाच्या घरात. १९७६ साली आलेले त्यांचे पुस्तक वाचनीय आहे, पण त्यातले गाव त्या ओसरीवरून दिसणारे आहे. त्याच दशकात, १९७४ मध्ये, जोन मेन्चर यांनी जातिव्यवस्था तळातून पाहिली, तेव्हा तिथे पावित्र्याची उतरंड नव्हे, राबवून घेण्याची यंत्रणा दिसली. आपल्या माणसांना हे सांगायला कुणाच्या निबंधाची गरज नव्हती, ही गोष्ट वेगळी.

माझ्या मते खरा मापदंड याच्या पुष्कळ आधी घातला गेला होता. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी जातीवरचा निबंध वाचला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले, आपले केतकर, साऱ्यांच्या व्याख्या त्यांनी तपासल्या आणि जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे असे दाखवले. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह यांची कारणे त्यांनी तिथेच शोधली. खालच्या जाती अशा का, हा प्रश्न त्यांनी बाजूला सारला आणि दार प्रथम कुणी लावून घेतले ते विचारले. बांधिलकी इथे आहे, आणि ती पद्धतीतच आहे. सहानुभूतीचा एक शब्दही त्यासाठी लागला नाही.

आजचा प्रश्न घ्या. मैला वाहण्याची प्रथा आमच्याकडे उरलीच नाही, असे सरकारे शपथेवर सांगत होती. सफाई कर्मचारी आंदोलनाने २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, वस्त्यावस्त्यांतून पुरावे गोळा केले. मार्च २०१४ च्या निकालात न्यायालयाने १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. हे क्षेत्रकार्य करणाऱ्यांत त्याच समाजाची माणसे होती. कोणत्याही प्रबंधापेक्षा ते कमी शास्त्रीय नव्हते.

तरी विद्यापीठातून येणारी प्रश्नावली अजून सफाई कामगाराच्या दारूविषयी, कर्जाविषयी, मुलांच्या गळतीविषयी विचारते. ठेकेदाराच्या कचेरीत ती जात नाही. निविदेत यंत्राची अट होती का, माणूस उतरवण्याचा हुकूम कुणी दिला, २०१३ च्या कायद्याखाली गुन्हा कुणावर नोंदला गेला, हेही मानवशास्त्राचे विषय आहेत. ही कागदपत्रे २००५ च्या माहिती अधिकाराखाली मागता येतात. प्रबंधाचा विषय शोधणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी आपल्याच नगरपालिकेत पहिला अर्ज द्यावा.