‘गुप्तरोग’ या संज्ञेचे परीक्षण

लैंगिक संबंधातून जडणाऱ्या आजारांस मराठीने ‘गुप्तरोग’ असे नाव दिले. संस्कृतातील गुप् या धातूचा मूळ अर्थ रक्षण करणे असा आहे. मराठीत मात्र ‘गुप्त’ म्हणजे लपविलेले, आणि रोगाच्या बाबतीत तर लपविण्याजोगे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने आपल्या उपचारकेंद्रांस ‘सुरक्षा क्लिनिक’ हे नाव देऊन तो मूळ अर्थ, बहुधा नकळतच, पुन्हा जागा केला. भोंदू वैद्यांच्या भिंतीवरील जाहिरातींत मात्र जुनेच नाव नांदत आहे.

नांदेड-लातूरकडे या आजारांना नावांची वाण नाही. गरमी, परमा, बद हे मराठी शब्द. आतशक, सुजाक हे उर्दूच्या सहवासाने आलेले. स्त्रिया यांपैकी एकही न उच्चारता ‘अंगावरून पांढरं जातं’ एवढेच सांगतात. सरकारी दवाखान्यांतील लक्षणाधारित उपचारपद्धतीही स्राव, व्रण, जांघेतील गाठ अशा तक्रारींवरच उभी आहे. येथवर लोकभाषा व वैद्यक यांचे जुळते. परंतु सुप्तावस्थेतील उपदंशाला लक्षण नाही, म्हणून तक्रार नाही, आणि तक्रार नाही म्हणून नोंदही नाही. तो रक्ततपासणीनेच कळतो.

जननेंद्रियावरील व्रणामुळे एचआयव्हीची लागण अधिक सुलभ होते, म्हणून या नोंदीचे मोल मोठे आहे. टांझानियातील म्वांझा येथील अभ्यासात (१९९५) लैंगिक आजारांवरील नित्याचे उपचार सुधारताच एचआयव्हीच्या नव्या लागणी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. युगांडातील राकाई येथे (१९९९) ठरावीक काळाने केलेल्या सरसकट औषधवाटपाने तसे घडले नाही. या तफावतीची कारणे एकाहून अधिक सांगितली जातात. तथापि तक्रार घेऊन येणाऱ्यास दाराशीच उपचार मिळणे ही गोष्ट उपेक्षणीय नव्हे.

मुखेड, कंधार, जळकोट या तालुक्यांतून ऊसतोडीस जाणाऱ्या नवरा-बायकोस मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम ज्यांना एकत्र मोजतो, त्यांतील एकाच्याच व्रणाची नोंद गावी होते आणि दुसरा कारखान्याच्या तळावर राहतो, तेव्हा ‘जोडीदारासही आणावे’ ही सूचना निरर्थक ठरते. व्रणाच्या नोंदीबरोबरच एचआयव्ही चाचणीची चिठ्ठी द्यावी व ती तळाजवळच्या केंद्रातही चालावी, हे अधिक उपयुक्त. त्या चिठ्ठीवर नावाऐवजी क्रमांक असावा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन घातले आहे. ‘गोपनीय’ हा शब्दही गुप् धातूचाच. येथे मात्र लपविण्याचा भार रुग्णावरून उतरून नोंद ठेवणाऱ्यावर येतो.